एकोणसाठचा झीरो

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपले विभागप्रमुख आदरणीय डॉ. वैजनाथ कदम सर, माझ्या गाइड डॉ. मनस्विनी पैठणकर मॅडम, आजचे सत्कारमूर्ती, या महिन्यात निवृत्त होणारे लेझर लॅबचे असिस्टंट श्री. सांडू आप्पाराव गायके, म्हणजे आपले सांडूभाऊ, त्यांच्या शेजारी बसलेल्या आणि मघापासून त्यांचा फेटा सरळ करणाऱ्या अंबिकाकाकू, देवगाव रंगारीहून दोन जीप भरून आलेली पाहुणे मंडळी, विभागातले सर्व शिक्षक, कर्मचारी आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो. सगळ्यांना माझा नमस्कार.

कुणाचं नाव राहिलं असेल तर आत्ताच हात वर करा. मी तीनदा लिस्ट वाचलीय, पण माझ्या लिस्टवर फार विश्वास ठेवू नका. का, ते पुढे सांगते.

माझं नाव राजनंदिनी. लेझर लॅबमधे पीएचडी करते, चौथं वर्ष. आज माझी विद्यार्थ्यांच्या वतीनं 'मनोगत' सांगायला निवड झाली. तीन मिनिटं दिलीत. आपली सूत्रसंचालक संस्कृती मला आत्ताच घड्याळ दाखवतेय. संस्कृती, मला थोडा जास्त वेळ लागणार आहे. मॅडमना विचारून ठेवलंय. आणि तू पण नीट ऐक, जूनपासून तुला लॅबमधे माझ्याच टेबलावर बसायचंय.

माझी शाळा सिडकोतली, इंग्लिश मीडियम. घरात मराठी, रिक्षात हिंदी, वर्गात इंग्लिश. त्यामुळे तिन्ही थोडं थोडं येतं. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. आजची गोष्ट त्यावरच आहे.

सांडूभाऊंशी माझी पहिली भेट दारातच झाली. मी मोठ्या उत्साहानं लेझर लॅबमधे शिरत होते आणि आतून आवाज आला, "ताई, थांबा. बांगड्या, घड्याळ, कानातलं. सगळं ह्या डब्यात." मी म्हणलं, कशाला? तर म्हणाले, "लाइट लई हुशार असती. चकचकीत दिसलं की तिकडं पळती, अन् तिथून सरळ तुमच्या डोळ्यात." पार्लेच्या जुन्या डब्यात आम्ही सगळ्यांनी दागिने ठेवलेत. एकदा एक मोठे पाहुणे लॅब बघायला आले होते. त्यांच्या बोटांत चार अंगठ्या. म्हणाले, या निघत नाहीत. सांडूभाऊ नम्रपणे म्हणाले, "व्हय साहेब, मग हात खिशात ठेवा." आणि पाहुण्यांनी अख्खी लॅब खिशात हात घालून बघितली. कदम सर हसतायत, त्यांना आठवलं.

आता देवगावच्या मंडळींना प्रश्न पडला असेल की आमचा सांडू अठ्ठावीस वर्षं त्या अंधाऱ्या खोलीत करत काय होता. मी सांगितलं असतं तर फेमटोसेकंद, स्पेक्ट्रोस्कोपी असं काहीतरी बोलले असते. पण भाऊंनी स्वतः बीएस्सीच्या मुलांना जे सांगितलं होतं तेच सांगते, कारण त्याहून चांगलं मला अजून जमलेलं नाही.

ते म्हणाले होते, "गोठ्यात बॅटरी मारली की जनावरं कशी मान वर करत्यात? मग थोड्या वेळानं परत रवंथ सुरू. बरोबर? ह्या क्रिस्टलमधे इलेक्ट्रॉन बसलेत, तसेच. पहिली लाइट त्यांना उठवती. दुसरी लाइट मागून येऊन बघती, उठले का, किती उठले, परत बसले का. दुसरी लाइट किती उशिरा सोडायची, ते ह्या स्क्रूवर."

झालं. माझ्या थिसिसची पहिली साठ पानं झाली.

फक्त एक गोष्ट जोडते. हे उठणं-बसणं फेमटोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही दहा लाखाव्या भागात, इतकं पटकन होतं की जगातलं कुठलंच घड्याळ ते मोजू शकत नाही. म्हणून आम्ही वेळ मोजतच नाही, आम्ही अंतर मोजतो. दुसऱ्या लाइटला थोडं जास्त चालायला लावायचं, म्हणजे ती उशिरा पोहोचते. स्क्रू फिरवला की एक आरसा मागे सरकतो. आरसा दहा मायक्रॉन सरकला, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी, की लाइटला जाऊन-येऊन वीस मायक्रॉन जास्त पडतात. आणि तेवढ्यात उशीर होतो सदुसष्ट फेमटोसेकंदांचा. सदुसष्ट, म्हणजे सिक्स्टी-सेव्हन. हो, आता पाठ केलंय.

आणि हे सगळं कुठून मोजायचं? झीरोपासून. दोन्ही लाइट ज्या जागी एकाच वेळी पोहोचतात तो झीरो. तो शोधायची रीत फार सुंदर आहे. एक छोटा पारदर्शक क्रिस्टल ठेवायचा, त्यात दोन्ही लाइट घालायच्या आणि स्क्रू हळूहळू फिरवायचा. दोघी अगदी एका क्षणी भेटल्या की मधोमध एक जांभळा ठिपका उमटतो. एका लाइटनं येत नाही, दुसरीनं पण येत नाही, दोघी भेटल्या तरच येतो. जरा पुढेमागे झालं की गायब. मला तो शोधायला अर्धा तास लागायचा. भाऊंना दोन मिनिटं. "ताई, जांभळा आला," असं म्हणायचे, पाहुणा दारात आल्यासारखं.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या आरशाची मोटर बिघडली. कंट्रोलर दुरुस्तीला गेला, मॅडम सहा आठवडे बाहेरच्या लॅबमधे गेलेल्या, आणि मला तर डेटा हवाच होता. भाऊ म्हणाले, "मोटर नव्हती तवा काय काम होत नव्हतं का?" आणि त्यांनी कपाटातून हातानं फिरवायचा जुना मायक्रोमीटर, म्हणजे आकडे कोरलेला स्क्रू, काढला. काळ्या पडद्याच्या आत भाऊ, हातात छोटी लाल बॅटरी आणि भिंग. पडद्याच्या बाहेर मी, स्क्रीन आणि वही. ते आकडा म्हणणार, मी लिहिणार. पुढचे आकडे बदलत नव्हते, म्हणून फक्त शेवटचे दोन म्हणायचे.

सकाळी एकदा झीरो. मग पाच-पाचच्या टप्प्यानं वाचन. पंचेचाळीस, पन्नास, पंचावन्न, साठ, पासष्ट. पाचाचे मला येतात. पहिल्या आठवड्यात झीरो होता पन्नास, एकावन्न. तेही येतात.

दुसऱ्या आठवड्यात कदम सरांच्या भट्टीत तयार झालेला नवीन क्रिस्टल आला. काळसर, चकचकीत, एकदम मस्त. तो लावला आणि सोमवारी सकाळी पडद्याआडून आवाज आला, "ताई, जांभळा आला. एकोणसाठ."

इथं मी अर्धा सेकंद थांबले. माझ्यासाठी अर्धा सेकंद म्हणजे खूप झालं, आम्ही त्याहून फार लहान गोष्टी मोजतो. त्या अर्ध्या सेकंदात मी विचार केला. शेवटी साठ ऐकू आलं, म्हणजे सिक्स्टी. त्याच्या आधी एकोण. एकोणीसमधे नाइन असतो, म्हणजे एकोण म्हणजे नाइन. सिक्स्टी, नाइन. मी वहीत लिहिलं, 69.

मागच्या रांगेतून हसायला आलेलं ऐकलं मी. हसा. तुमच्यातल्या निम्म्या लोकांना घरी जाऊन एकोणऐंशी किती ते विचारा, मग बघू.

मंगळवारी झीरो हलला नाही. एकोणसाठ. बुधवारी पण एकोणसाठ. मी तिन्ही दिवस 69 लिहिलं. माझी चूक इतकी प्रामाणिक होती की तीन दिवस जशीच्या तशी आली, आणि सायन्समधे तीनदा तेच आलं की माणूस नाचायला लागतो.

कारण बुधवारी दुपारी मी ग्राफ काढला आणि बघते तर काय, माझ्या क्रिस्टलमधले इलेक्ट्रॉन झीरोच्या आधीच उठत होते. सदुसष्ट फेमटोसेकंद आधी. उठवणारी लाइट अजून पोहोचलीच नाही आणि हे आधीच मान वर करून बसलेत.

मला वाटलं, आपण काहीतरी प्रचंड शोधलंय. मी खुलताबादचा खाजा आणून सगळ्या विभागाला वाटला. तुम्ही सगळ्यांनी खाल्लाय, आता नाही म्हणू नका. त्याच आठवड्यात एका कॉन्फरन्सला अ‍ॅबस्ट्रॅक्ट, म्हणजे शोधाचा सारांश, पाठवला. मॅडमचं नाव घातलं, त्यांना फोनवर घाईघाईत सांगितलं, त्या म्हणाल्या, "थांब, मी आल्यावर बघू." मी थांबले नाही.

भाऊंना पण खाजा दिला. त्यांनी विचारलं, "लाइट यायच्या आधीच उठलं?" मी म्हणलं, हो ना भाऊ. ते म्हणाले, "आमच्याकडं एक म्हैस होती तशी. बॅटरी मारायच्या आधीच उभी. पण ती पावलाचा आवाज ऐकायची." मग खाजा चावत म्हणाले, "ह्यानं काय ऐकलं असंल?"

मी हसले. म्हणलं, भाऊ पण ना. खरं तर त्या दिवशी सगळ्या विभागात बरोबर प्रश्न फक्त त्यांनी विचारला होता.

मार्चमधे मॅडम आल्या, मोटर आली. तोच क्रिस्टल, तीच लाइट, झीरो मशीननं काढला. आणि इलेक्ट्रॉन एकदम शहाण्यासारखे, लाइट आली की उठतायत. आधी कुणी उठत नाही. मॅडमनी फक्त एवढंच म्हणलं, "कारण आधी, परिणाम नंतर. अ‍ॅबस्ट्रॅक्ट मागे घे. आणि का मागे घेतोय ते त्यांना लिहावं लागेल."

का, ते मी शोधायला बसले. मी वही बघितली, ग्राफ बघितले. डेटा स्वच्छ होता, सगळं बरोबर दहा मायक्रॉननं सरकलेलं. मग कुणीतरी आकडा चुकवला असणार. वाचणारा माणूस एकच होता. मी कॉन्फरन्सला तसं लिहिलं. आणि लॅबच्या वहीत त्या पानावर लाल पेननं इंग्लिशमधे एक ओळ लिहिली. तिचा मराठीत अर्थ असा: 'झीरो दहा मायक्रॉननं चुकलेला. हातानं घेतलेल्या वाचनातली चूक. वाचक: एस. गायके.'

भाऊंना मी तोंडी पण सांगितलं. त्या आठवड्याचं रीडिंग दहानं चुकलं होतं म्हणून. ते म्हणाले, "मी तर नीट बघितलं होतं, ताई." मग चष्मा पुसला. म्हणाले, "असंल. वय झालं."

त्यानंतर कुणी ठरवून काही केलं नाही, हे मी सांगते. कुणी त्यांना लॅबमधून काढलं नाही. पण कुणी आकडा वाचायला बोलावलं पण नाही. खुर्च्या आणायला बोलावलं, कुलूप उघडायला बोलावलं. जांभळा ठिपका मशीन शोधायला लागलं. ते दाराजवळच्या स्टुलावर बसायचे, पार्लेचा डबा मांडीवर घेऊन.

आता तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. आजच्या फ्लेक्सचं काम माझ्याकडे होतं. वयाची काहीतरी गमतीदार ओळ टाकायची होती, म्हणून मी अंबिकाकाकूंना फोन केला. काकू, भाऊंचं वय किती?

काकू म्हणाल्या, "एकोणसाठ झालेत की. ह्या महिन्याच्या शेवटाला रिटायर नाय का?"

मी लिहून घेतलं. मग काकू बोलत राहिल्या. "ताई, तुम्ही तरी त्यांना समजवा. तीन डॉक्टर झाले. तिघंही म्हणत्यात डोळ्याला काही नाय, वाचायचा चष्मा हाय तेवढा बास. ह्यांना पटतच नाय. म्हणत्यात, माझी नजर गेली, तिथं माझ्यामुळं पोरीचं काम बुडालं. घरात सुईत दोरा हेच ओवायचे. वर्ष झालं, हात लावीत नायत."

मी म्हणलं, हो काकू, असं काहीतरी. फोन ठेवला आणि औरंगपुऱ्यातल्या फ्लेक्सच्या दुकानात गेले. डिझाइन दिलं. त्यावर मोठ्या अक्षरात होतं, '69 वर्षांचे तरुण'.

दुकानातल्या चाचांनी ते वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मॅडम, ये साहब सर्व्हिस में हैं क्या?" मी म्हणलं, हो, आता रिटायर होतायत. "उनहत्तर में?" चाचा म्हणाले. "हमकू तो अठ्ठावन में घर भेज दिए थे."

मी म्हणलं, चाचा, त्यांच्या मिसेसनी स्वतः सांगितलंय, एकोणसाठ.

तर चाचा म्हणाले, "तो उनसठ बोलो ना बेटा. साठ में एक कम. इतने पढ़े-लिखे लोगां को साठ में एक कम नहीं आता क्या?"

मी तिथं उभी होते आणि माझ्या डोक्यात पडद्याआडचा आवाज आला. ताई, जांभळा आला. एकोणसाठ. साठात एक कमी. फिफ्टी-नाइन. आणि सिक्स्टी-नाइनमधून फिफ्टी-नाइन गेले तर किती उरतात, हे मला कुठल्याही मीडियममधे येतं.

मी फ्लेक्स तसाच टाकून लॅबमधे आले. तो जुना मायक्रोमीटर अजून टेबलाच्या कडेला, काळ्या पुठ्ठ्याच्या पेटीत होता. भाऊंची एक सवय आहे. झीरो सापडला की कागदी टेपचा तुकडा फाडून त्यावर आकडा लिहायचा आणि पेटीला आतून चिकटवायचा, स्क्रू हलला तर परत आणता यावा म्हणून. ती बाजू त्यांची. मी वर्षभरात एकदाही आत डोकावले नव्हते. पुठ्ठा उचलला. पहिल्या आठवड्याच्या तुकड्यांखाली अजून तीन तुकडे, एकाखाली एक, बॉलपेननं, मराठी आकड्यांत. ५९. ५९. ५९.

मी वही काढून ते पान उघडलं.

मग त्या तीन दिवसांचा डेटा 59 घालून परत काढला. सगळा ग्राफ आपापल्या जागी बसला. लाइट आली, इलेक्ट्रॉन उठले, परत बसले. मशीनच्या रीडिंगशी जुळला. आणि अजून एक सांगते, हातानं घेतलेलं ते रीडिंग आमच्याकडच्या बाकी सगळ्या रीडिंगपेक्षा जास्त स्वच्छ आहे. मॅडमना दाखवलं. त्यांनी दोन्ही ग्राफ एकावर एक ठेवून बघितले. मग म्हणाल्या, "भाऊंचा हात काय स्थिर आहे."

मी म्हणलं, मॅडम, मी आजच भाऊंना जाऊन सांगते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "चूक तू वहीत लिहिलीस, ती सगळ्या विभागानं वाचलीय. दुरुस्ती दारामागे जाऊन सांगणार?"

म्हणून आज मी इथं उभी आहे. आणि ही वही मी सोबत आणलीय.

भाऊ, मी तुमच्याकडे बघून बोलते, कागद ठेवून देते. तुमचा आकडा बरोबर होता. तीनही दिवस. तुमची नजर कुठंही गेलेली नव्हती. तुम्ही बरोबर वाचलं आणि मी चुकीचं ऐकलं. आणि चुकीचं ऐकलं हे पण ठीक आहे, ते कुणाचंही होतं. पण मला कळलं नव्हतं आणि मी विचारलं नाही. 'एकोणसाठ म्हणजे किती हो भाऊ' एवढंच विचारायचं होतं. दोन सेकंद लागले असते. मला लाज वाटली. चोवीस वर्षांची मुलगी, एमएस्सीला पहिली आलेली, तिला मराठी आकडे येत नाहीत हे लॅब असिस्टंटला कळेल म्हणून लाज वाटली. त्या लाजेची किंमत वर्षभर तुम्ही भरलीत. माफ करा.

काय म्हणालात? माइकवर नाही आलं. काकू, काय म्हणतायत ते?

काकू म्हणतायत, ते विचारतायत की म्हणजे काम बुडालं नाय ना?

नाही भाऊ. बुडालं नाही. तेच रीडिंग माझ्या थिसिसचं तिसरं चॅप्टर आहे. कॉन्फरन्सला मॅडमनी आणि मी दुरुस्तीचं पत्र पाठवलंय, त्यात चुकणाऱ्याचं नाव राजनंदिनी आहे. आणि आता त्याच डेटावर जो पेपर जाईल त्यात लेखकांमधे तुमचं नाव आहे. हे मी आग्रह करून नाही मिळवलेलं. मॅडमनी स्वतः टाइप केलं, मधे फक्त एकदा विचारलं, सांडूचं स्पेलिंग काय करायचं.

मंडळी, आता समारोप करते, संस्कृतीनं घड्याळ दाखवायचंही सोडून दिलंय. कदम सरांचे आभार, क्रिस्टलसाठी आणि आज मला मधेच बसवलं नाही यासाठी. मॅडमचे आभार, त्यांनी मला पळू दिलं नाही. औरंगपुऱ्यातल्या चाचांचे आभार. मी त्यांना बोलावलं होतं, ते शेवटच्या रांगेत बसलेत. चाचा, फ्लेक्सवर आता आकडा टाकलेलाच नाही, बघून घ्या. देवगावच्या मंडळींचे आभार, इतका चांगला माणूस अठ्ठावीस वर्षं आम्हाला दिल्याबद्दल. काकू, आजपासून सुईत दोरा कुणी ओवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा, पण डॉक्टर चौथा नको.

माझ्या बोलण्यात व्याकरण चुकलं असेल, मान देण्यात कमी-जास्त झालं असेल, तर मला सांभाळून घ्या. फक्त आकडा चुकला असेल तर सांभाळून घेऊ नका, तिथल्या तिथं थांबवा.

आता एकच काम राहिलंय. त्या पानावरची लाल ओळ मी खोडलेली नाही, लॅबच्या वहीत खोडायचं नसतं, खाली दुरुस्ती लिहायची असते. तुमच्या टेपचा एक तुकडा मी तिथं चिकटवलाय. त्याच्यापुढे दुरुस्त झीरोची जागा रिकामी ठेवलीय. वाचणार तुम्ही, लिहिणार मी, नेहमीसारखं. नाही, उठू नका, बसल्या जागी सांगा. माइक देते.

भाऊ, झीरो किती?

एकोणसाठ.

म्हणजे किती हो, भाऊ?

साठात एक कमी.

लिहिलं.